ऊर्जास्रोत शिकवताना फळ्यावरची मधली रेघ कशी पुसायची?

खडूची_भुकटी
मी आठवीला विज्ञान शिकवते. ऊर्जास्रोतांचा धडा आला की फळ्यावर मधोमध रेघ मारायची, डावीकडे अनवीकरणीय, उजवीकडे नवीकरणीय. कोळसा, तेल, वायू इकडे. सूर्य, वारा, पाणी तिकडे. अणुऊर्जा मी गुपचूप रेघेवरच बसवते. मुलं वहीत उतरवून घेतात, डावीकडे काळा धूर काढतात, उजवीकडे हसरा सूर्य, आणि धडा संपतो. वर्षानुवर्षं असंच चाललंय.

यंदा तक्ते भिंतीवर लावून झाल्यावर एका मुलीने विचारलं, "बाई, सोलर पॅनलची काच कशात वितळवतात?" म्हटलं, भट्टीत. "आणि भट्टी कशावर चालते?" अख्खा वर्ग माझ्याकडे बघायला लागला. मी "पुढच्या तासाला सांगते" हे आमचं ब्रह्मास्त्र काढलं आणि घंटा वाजली म्हणून सुटले.

तर प्रश्न असा. ती रेघ पुसायची आहे, पण पुसताना "म्हणजे सगळंच वाईट, मग काय फरक पडतो" असं मुलांच्या डोक्यात जायला नको. तेरा वर्षांची मुलं आहेत, हात टेकायला फार वेळ लागत नाही. तुम्ही कसं शिकवता? किंवा कसं शिकलात?

शेवटचा_बाक
"सूर्य फुकट आहे" एवढं एक वाक्य लिहून मला पैकीच्या पैकी मिळाले होते. त्या मुलीने आमच्या वर्गात असा प्रश्न विचारला असता तर तासभर अंगठे धरून उभी राहिली असती.

आकडेमोड
मुलीचा प्रश्न झकास आहे आणि त्याला आकड्यात उत्तर आहे. खाण, कारखाना, वाहतूक, उभारणी, वापर, शेवटचं भंगार, सगळं धरून एक युनिट विजेमागे किती हरितगृह वायू हवेत जातात याचा हिशेब आयपीसीसीच्या (हवामानबदलावरची संयुक्त राष्ट्रांची समिती) 2014 च्या अहवालात आहे. मधले आकडे, कार्बन डायऑक्साइडच्या मापात: कोळसा 820 ग्रॅम, नैसर्गिक वायू 490, मोठे सौर प्रकल्प 48, जलविद्युत 24, अणू 12, जमिनीवरच्या पवनचक्क्या 11.

तिने विचारलेल्या भट्टीचा धूर त्या 48 मध्ये धरलेला आहे, हे तिला जरूर सांगा. म्हणजे ती बरोबर आहे: सौर ऊर्जा शून्य नाही. आणि तक्ताही अगदीच खोटा नाही, कारण 48 आणि 820 मध्ये सतरा पटींचं अंतर आहे. दोन रकान्यांऐवजी एक लांब पट्टी काढा, एक सेंटिमीटरला दहा ग्रॅम. पवनचक्की नखाएवढी येते. कोळशाची पट्टी 82 सेंटिमीटर, ती वहीत मावतच नाही, बाकावरून खाली लोंबते. "सगळंच सारखं वाईट" याला वेगळं उत्तर द्यावं लागणार नाही.

वातकुक्कुट
आकडेमोड, पट्टी आवडली. पण माझ्या मते आकडे दुसऱ्या तासाला. आधी ऊर्जा म्हणजे काय हे हाताला कळलं पाहिजे. मुलांना वाटतं वीज भिंतीतून येते.

हाताने फिरवायचं छोटं जनित्र घ्या. जुन्या खेळण्यातली मोटर आणि एक दांडा लावूनही जमतं. दिवा न जोडता फिरवायला सांगा, सर्रकन फिरतं. मग दिवा जोडा. दांडा एकदम जड होतो! पहिल्यांदा फिरवणाऱ्याचा चेहरा बघण्यासारखा असतो, त्याला वाटतं कोणीतरी पलीकडून धरलंय. फॅरेडेने 1831 मध्ये जे शोधलं त्यावरच कोळशाचं, पाण्याचं, वाऱ्याचं, अणूचं, सगळ्यांचं जनित्र चालतं. फरक इतकाच की दांडा कोण फिरवतंय. फक्त सौर पॅनलला दांडाच नाही. इतकं कळलं की पुढचा सगळा धडा एकाच प्रश्नाचा होतो: दांडा फिरवायला काय खर्च झालं?

सायकलस्वार
वातकुक्कुटला अनुमोदन. आम्ही विज्ञान प्रदर्शनात सायकलला जनित्र जोडलं होतं. धडधाकट माणूस बराच वेळ पायडल मारतो तेव्हा साधारण 100 वॉट देतो. आता गणित मुलांना करू द्या: एक लिटर पाणी 25 अंशांवरून 100 वर न्यायला सुमारे 314 किलोज्यूल लागतात. म्हणजे उष्णता जराही वाया गेली नाही असं धरलं तरी 52 मिनिटं पायडल! दोन हजार वॉटची किटली तेच काम पावणेतीन मिनिटांच्या आत करते.

आमच्यातल्या एका पैलवान मित्राने पैज लावली होती. अठराव्या मिनिटाला उतरला आणि पाणी कोमटच. त्या दिवसापासून रिकाम्या खोलीतला पंखा तो स्वतः उठून बंद करतो.

बॉयलर_तीन
वाचतोय कधीपासून, आज लिहितो. माझी नोकरी औष्णिक केंद्रात, बॉयलरवर. मुलगी सातवीत असताना शाळेत काढलेला तक्ता घरी घेऊन आली. चिमणी, काळा धूर, धुरात कवटी. मला दाखवून विचारलं, "बाबा, तुम्ही रोज हे करता?" चिडून नाही, अगदी खरं विचारलं. पाळी संपवून आलो होतो. काय बोलावं सुचेना.

नंतर तिचं पुस्तक उघडून पाहिलं. "प्रदूषण" असा बाण ज्याच्याकडे होता तो बुटका, कमरेत बारीक असा भला मोठा मनोरा म्हणजे कुलिंग टॉवर. त्याच्या तोंडातून निघतं ते पाणी: वाफ थंड होऊन झालेले थेंब. असे मनोरे अणुकेंद्रालाही असतात. खरी चिमणी मागे, उंच आणि सडपातळ, चित्रात तिला जागाच नव्हती. ईएसपी नीट चालत असेल, म्हणजे विजेच्या भाराने राख ओढून धरणाऱ्या पट्ट्या, तर 99 टक्क्यांवर राख तिथेच अडते आणि चिमणीच्या तोंडाशी फारसं काही दिसत नाही. मात्र कार्बन डायऑक्साइड सरळ वर जातो. त्याला रंग नाही, त्यामुळे तो कुठल्याच तक्त्यात नसतो.

मी तिला हेच सांगितलं, काही न लपवता. हेही सांगितलं की कोळशातल्या उष्णतेचा तिसरा हिस्सा, फार तर थोडा जास्त, वीज होतो. उरलेली उष्णता बहुतेक त्या बुटक्या मनोऱ्यातून आणि चिमणीतून जाते. ती म्हणाली, "मग एवढं वाया जाऊ का देता?" मी म्हटलं, यावर लोकांची आयुष्यं गेली, तूही प्रयत्न कर.

शिक्षकांना विनंती एवढीच: वर्गात कोणाचा तरी बाप खाणीत, रिफायनरीत, केंद्रात असतो. धूर शिकवा, कवटी नको.

खडूची_भुकटी
बॉयलर_तीन दादा, कान पकडले. आमच्याही पुस्तकात तोच कुलिंग टॉवर आहे, आत्ता उघडून पाहिलं. इतकी वर्षं मी त्याच वाफेवर टिचकी मारून "बघा, धूर" म्हणत होते.

आकडेमोड
बॉयलर_तीन, प्रतिसाद फार आवडला. खडूताई, यात एक कोडं दडलंय, वर्गात टाका. एक युनिट विजेला साधारण अर्धा किलो कोळसा लागतो, प्रतीनुसार थोडा कमीजास्त. मग अर्ध्या किलोतून पाऊण किलोच्या वर वायू निघतो कसा? वाढीव वजन आलं कुठून? मुलं "खोटं आहे" म्हणतील. उत्तर हवेत आहे: कार्बनच्या प्रत्येक 12 ग्रॅमला 32 ग्रॅम ऑक्सिजन येऊन चिकटतो आणि 44 ग्रॅम होतात. जळून गेलं म्हणजे नाहीसं झालं, हा समज मोठ्यांचाही जात नाही.

अणुरेणू
सगळे मुद्दे वाचले आणि पुन्हा तेच वाटलं: अणुऊर्जा 12 ग्रॅमवर आहे, रात्रंदिवस चालते, जागा कमी घेते. ती रेघेवर कशाला, सरळ उजवीकडे घ्या की. मुलांना विनाकारण घाबरवतो आपण.

कंदीलवाली
विनाकारण?? चेर्नोबिल 26 एप्रिल 1986. फुकुशिमा 11 मार्च 2011. शिवाय वापरलेलं इंधन हजारो वर्षं सांभाळायचं. ग्रॅममध्ये मोजून सगळं मावत नाही.

अणुरेणू
ग्रॅम नको तर माणसं मोजू. दर अब्ज युनिटमागे अपघात आणि हवेचं प्रदूषण मिळून किती माणसं दगावतात, याचे अंदाज उपलब्ध आहेत. सहज समजावं म्हणून हजारपट करून सांगतो, म्हणजे दर टेरावॉट-तासाला: कोळसा सुमारे 25, जलविद्युत 1.3, अणू 0.03, सौर 0.02. यात चेर्नोबिल आणि फुकुशिमा दोन्ही धरलेत.

आकडेमोड
थांबा, थांबा. टेरावॉट-तास म्हणजेच अब्ज युनिट. हजारपट वगैरे काही करायचं नाही. आकडे बरोबर आहेत, वाक्य चुकलंय.

अणुरेणू
हो की. खातं बरोबर, बेरीज चूक. दुरुस्ती मान्य.

शेवटचा_बाक
अणुऊर्जा सुरक्षित आहे, अणुरेणूंच्या हातात दिली नाही तर. (ह. घ्या.)

संपादक_मंडळ
अणुऊर्जा हवी की नको यावर आधीच चार धागे पडलेत. इथे "शिकवायचं कसं" एवढंच घेऊ या.

पाणलोट
संपादकांचं ऐकतो, पण त्या आकड्यांत जलविद्युतचा 1.3 कुठून आला हे वर्गात जरूर विचारा. तो बहुतांश एका रात्रीचा आहे. ऑगस्ट 1975, चीनमधलं बानछियाओ धरण. वादळाचा पाऊस धरणावर येऊन थांबला, धरण फुटलं, त्या भागातली इतरही धरणं फुटली. पूर आणि नंतरची रोगराई, उपासमार मिळून मृतांचे अंदाज 26 हजारांपासून दीड लाखाच्या वर जातात. चेर्नोबिल सगळ्यांना माहीत, बानछियाओ कोणाला नाही. "स्वच्छ" पाण्याच्या रकान्यात बसलेलं हे उदाहरण आहे.

आणखी एक, ब्राझीलचं बाल्बिना. अॅमेझॉनच्या जंगलात सपाट जागी बांधलं. सुमारे 2,400 चौरस किलोमीटर जंगल पाण्याखाली गेलं, आणि क्षमता किती? 250 मेगावॉट. बुडालेली झाडं पाण्यात कुजतात, मिथेन हा हरितगृह वायू निघतो. शेजारच्या देशासोबत त्यांनीच बांधलेलं इताइपू घ्या: तलाव याहून बराच लहान, क्षमता 14,000 मेगावॉट. दोन्ही जलविद्युत, दोन्ही नवीकरणीय, एकाच रकान्यात. मुलांना नुसते हे दोन आकडे द्या आणि गप्प बसा. "असं का" हे तेच शोधतात, नकाशा मागतात, उंची बघतात. माझा सगळ्यात चांगला गेलेला तास हाच.

कंदीलवाली
पाणलोट, हे माहीत नव्हतं. मग मीही एक सांगते. कोळसा म्हटलं की आपण फक्त चिमणीवर बोलतो. 21 ऑक्टोबर 1966, वेल्समधलं अॅबरफॅन. खाणीतून निघालेल्या दगडमातीचा ढीग डोंगरउतारावर रचला होता, खाली झरा होता. पावसाने ढीग सुटला आणि सकाळी नुकत्याच भरलेल्या प्राथमिक शाळेवर आला. 144 माणसं गेली, त्यातली 116 मुलं. एक तुकडाही जाळायच्या आधीची ही किंमत. लहान वर्गाला हे सांगावं का याबद्दल मी स्वतः साशंक आहे, पण नववी-दहावीला सांगते.

गंधर्व_नाही
नाही सांगू नये, असं माझं मत. माझ्या भाचीला शाळेत हवामानबदलावर चित्रफीत दाखवली. त्या रात्रीपासून ती झोपताना विचारायची, "आपण किती वर्षं राहू?" महिनाभर चाललं. धडा शिकवणाऱ्यांना वाटतं घाबरवलं की मुलं सुधारतात. घाबरलेलं मूल कानावर उशी घेतं, बस्स.

वातकुक्कुट
गंधर्व_नाही, पटलं. माझा ठोकताळा: प्रश्न दाखवला की त्याच तासात त्यावर कोणी काय केलं तेही दाखवायचं, आणि ते लहानसं, हातात मावणारं हवं. पवनचक्कीला पक्षी धडकतात हे सांगितलं की मुलं हळहळतात. मग सांगतो की नॉर्वेच्या स्मोला बेटावर काही पवनचक्क्यांचं तीनातलं एक पातं काळं रंगवून पाहिलं. तिन्ही पांढरी पाती वेगाने फिरताना पक्ष्याला नुसतं धूसर दिसतं, एक काळं असलं की फिरणं दिसतं. पक्षी मरायचं प्रमाण सुमारे 70 टक्क्यांनी घटलं. चारच पवनचक्क्यांवरचा प्रयोग, तेव्हा लगेच नाचायचं नाही, हेही सांगतो. पण "रंगाचा डबा आणि ब्रश" हे उत्तर मुलांना जाम आवडतं. कागदाची भिरभिरी करून एक पातं काळं करून बघतात.

गटचर्चा_पीडित
"प्रत्येक गटाने एक ऊर्जास्रोत व्हायचं आणि आपली बाजू मांडायची" हा प्रयोग कोणी सुचवायच्या आत सांगतो: करू नका. मी केला. चिठ्ठ्या टाकून गट पाडले. कोळसा ज्यांच्या वाट्याला आला त्यांना आठवडाभर "ए कोळशा" म्हणून चिडवलं. सौर गट "आम्ही चांगले" म्हणत बसला, तयारी शून्य. नैसर्गिक वायू गटाने जे विनोद केले ते इथे लिहिता येणार नाहीत.

शेवटचा_बाक
लिहा हो, आम्ही कल्पना करतोच आहोत.

पाणलोट
गटचर्चा उलटी करा. प्रत्येक गटाने आपल्याच स्रोताचे दोष शोधायचे आणि दुसऱ्या गटाने त्याची बाजू घ्यायची. सौर गटाला पॅनलचं आयुष्य 25-30 वर्षं, मग त्या काचेचं आणि अॅल्युमिनियमचं काय, रात्री काय, बॅटरीचं लिथियम कुठून, हे शोधावं लागतं. कोळशाच्या बाजूने बोलणाऱ्याला कळतं की अंधारात जगणाऱ्या माणसाला वीज मिळाली तेव्हा ती बहुतेक ठिकाणी आधी याच्यातूनच मिळाली. चिडवाचिडवी आपोआप थांबते, कारण सगळेच स्वतःला शिव्या देत असतात.

बॉयलर_तीन
हे मुलीच्या शाळेला सुचवतो.

माजघर
इतका वेळ सगळे विजेवरच बोलताहेत. ऊर्जा म्हणजे फक्त वीज नव्हे! जगात अजून दोन अब्जांहून अधिक माणसं लाकूड, गोवऱ्या, कोळसा, रॉकेल अशा इंधनांवर उघड्या चुलीवर स्वयंपाक करतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने घरातल्या धुरामुळे 2020 मध्ये 32 लाख मृत्यू झाले. आणि गंमत बघा, लाकूड तुमच्या फळ्यावर उजवीकडे आहे. नवीकरणीय! तो शब्दच फसवा आहे. नवीकरणीय म्हणजे पुन्हा भरून येणारं, एवढंच. स्वच्छ असा अर्थ त्यात कुठेच नाही. आपण दोन वेगळे प्रश्न एकाच रेघेत कोंबतो: संपणार का, आणि त्रास कोणाला.

खडूची_भुकटी
माजघर, तुम्ही नेमकं बोट ठेवलंत. म्हणून मला ती रेघ टोचत होती आणि का ते सांगता येत नव्हतं.

वाचनमात्र
वाचनखूण साठवली. फक्त एक शंका: परीक्षेत काय लिहायचं?

खडूची_भुकटी
(तीन आठवड्यांनी)
सगळ्यांना धन्यवाद. जमलं तेवढं केलं, सांगते.

पट्टी केली. कोळशाची पट्टी बाकावरून लोंबली, अगदी तुम्ही म्हणालात तशी. भट्टी विचारणारीला 48 मधला तिचा वाटा दाखवल्यावर तिने लगेच विचारलं, भट्टी विजेवर चालवली आणि ती वीज पवनचक्कीची असली तर 48 चे किती होतील? आता हे मला येत नाही. पण यावेळी "पुढच्या तासाला" म्हटलं नाही, मिळून शोधू म्हटलं.

बाल्बिना-इताइपूचा तास सर्वांत रंगला. माजघर, फळ्यावर आता रेघ नाही, चार प्रश्न आहेत: भरून येतं का? काय जळतं? कचरा कुठे जातो? त्रास कोणाच्या दारात? लाकडाशी मुलं बराच वेळ भांडली.

परीक्षेत प्रश्न आलाच: "प्रदूषण न करणाऱ्या ऊर्जास्रोताचे नाव लिहा." एक गुण. तिने उत्तराच्या जागी लिहिलं, "बनवताना की वापरताना?" पेपर दुसऱ्या तुकडीच्या सरांनी तपासला. लाल प्रश्नचिन्ह, गुण नाही. मी सरांशी बोलले. ते म्हणाले, "मॅडम, उत्तरसूचीत सौर आहे." तिला मात्र ते प्रश्नचिन्ह आवडलंय, म्हणते सरांनाही शंका आली.

वातकुक्कुट, तुमचा प्रयोग मात्र पार फसला. जनित्र फिरवलं, दिवा लावला, दांडा जड झालाच नाही. मुलं म्हणाली, बाई उगाच सांगतात. उलट्या बाजूने फिरवला तर दिवा लागेचना.

वातकुक्कुट
अरे देवा. एलईडी लावलात का?

खडूची_भुकटी
हो. दुसरा मिळतोय कुठे?

वातकुक्कुट
तेच. एलईडी इतकी कमी वीज घेतो की हाताला कळतच नाही, आणि एका दिशेनेच पेटतो. जुन्या बॅटरीतला, तारेचा, पिवळा बल्ब शोधा. कोणाच्या तरी अडगळीत नक्की असेल. आणि एलईडी फेकू नका, आधी पिवळा मग एलईडी असे दोन्ही लावा. त्याच उजेडाला हात किती कमी दुखतो, हा तुमचा ऊर्जाबचतीचा धडा फुकटात.

खडूची_भुकटी
मिळाला! शिपाईकाकांच्या जुन्या टॉर्चमध्ये होता. आज दोन्ही लावून पाहिले. पिवळ्याला चौथ्या मिनिटाला हात बदलावा लागतो, एलईडीवर मुलं गप्पा मारत फिरवतात. रांग लागली, मधली सुट्टी त्यातच गेली.

शेवटी एकाने बल्बच काढून ठेवला आणि खिडकीबाहेर बघत नुसता दांडा गरगर फिरवत बसला. विचारलं, काय करतोयस? तर म्हणाला, "काही नाही बाई, लाईट गेलीये."

शेवटचा_बाक
त्याला माझ्या शेजारी बसवा.